कुऱ्हाड, दांडा आणि हात : कर्तृत्वाच्या नैतिकतेविषयी काही विचार

१

'कुऱ्हाड' हा शब्द मराठीत संस्कृत 'कुठार' आणि प्राकृत 'कुहाड' या वाटेने आलेला आहे. संस्कृतातील दुसरा शब्द 'परशु'. तो प्रामुख्याने दैवतांच्या हातात राहिला; गणपतीच्या आयुधांत तो आहे आणि भार्गवरामाच्या तर नावातच तो जाऊन बसला आहे. लोकव्यवहारात मात्र त्याचे 'फरशी' हे रूप रुळले, आणि जमिनीवर बसवायच्या, अरबी 'फर्श'पासून आलेल्या 'फरशी'शी त्याचा कसलाही संबंध नसताना दोन्ही शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदू लागले. शब्दकोशाच्या दृष्टीने एवढा तपशील पुरेसा आहे. लाकूड तोडण्याचे किंवा फोडण्याचे, लोखंडी पात्याचे आणि लाकडी दांड्याचे हत्यार, असा अर्थ देऊन कोश मोकळा होतो.

परंतु भाषेत कुऱ्हाड केवळ लाकूड तोडत नाही. ती नोकऱ्यांवर कोसळते, अनुदानावर चालते, माणूस ती स्वतःच्या पायावर मारून घेतो, तिचा दांडा गोताचा काळ ठरतो आणि गावाने तिच्यावर बंदी घातली की गावाचा उद्धार होतो असे मानले जाते. हत्यार, शस्त्र, आपत्ती, आत्मघात, द्रोह आणि निषेध अशा एकमेकांपासून दूर असलेल्या अर्थक्षेत्रांत हा एकच शब्द वावरतो. या अनेकार्थतेकडे अलंकारशास्त्राच्या अंगाने पाहता येईल आणि लक्षणेचे प्रकार लावून तिचे वर्गीकरणही करता येईल. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न निराळा आहे. कुऱ्हाड ही स्वतः उठत नाही. ती उचलणारा कोणी तरी असतो. मग कुऱ्हाडीविषयी बोलताना भाषा त्या हाताचे काय करते? घाव झाल्यानंतर दोष कोणाकडे जातो, हे ठरवण्यात भाषेचा वाटा किती? हा प्रश्न व्याकरणाचा आहे तितकाच नीतीचा आहे.

२

मराठीतील प्रचलित वाक्प्रयोग या दृष्टीने तपासले असता एक गोष्ट नजरेत भरते. 'आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे' या प्रयोगात कर्ता आहे, पण घाव सोसणाराही तोच आहे. ज्याचे नुकसान झाले तोच नुकसानीचे कारण, असा निवाडा या वाक्प्रयोगात आधीच झालेला असतो. शेतकऱ्याने एखादे पीक घेतले आणि भाव कोसळला, तर 'त्याने आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली' असे म्हणता येते; हे वाक्य उच्चारताच भाव कोणी पाडला हा प्रश्न विचारण्याची गरज संपते.

'कुऱ्हाड कोसळणे' या प्रयोगात कर्ता नाहीसाच होतो. 'कोसळणे' हे अकर्मक क्रियापद आहे. दरड कोसळते, वीज कोसळते, छप्पर कोसळते; ही सारी निसर्गाची किंवा गुरुत्वाकर्षणाची कामे. 'तीनशे कामगारांवर कपातीची कुऱ्हाड कोसळली' अशा धाटणीची वाक्ये वृत्तपत्रांतून इतकी अंगवळणी पडली आहेत की, त्यांतील विसंगती जाणवत नाही. कुऱ्हाड आभाळातून पडत नाही. कोणी तरी बैठकीत बसून ठराव करतो, कोणी तो टंकलिखित करतो, कोणी सही करतो. या सर्वांना वगळून वाक्यात उरतात ती फक्त दोन नामे : घाव सोसणारे आणि हत्यार. बातमी लिहिणाऱ्याच्या मनात कामगारांविषयी सहानुभूती असते आणि तरीही त्याच्या वाक्याची रचना मालकाला सोडून देते. सहानुभूती आणि न्याय यांची वाट येथे वेगळी होते.

तिसरा प्रयोग सुभाषितांतला. चंदनाचा वृक्ष तोडला जात असतानाही कुऱ्हाडीच्या तोंडाला सुगंध देतो, सज्जनाचेही तसेच असते, अशा आशयाचे संस्कृत सुभाषित पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. त्यात चंदन आहे, कुऱ्हाड आहे, तोडणारा नाही. सद्गुणाची सारी जबाबदारी तोडल्या जाणाऱ्यावर आली आहे. याच्याशी 'वासीचंदन' या जुन्या कल्पनेची तुलना उद्बोधक ठरते. महाभारतात आणि जैन ग्रंथांत समत्वाचे लक्षण सांगताना असा दृष्टान्त येतो की, एक जण वासीने, म्हणजे सुताराच्या तासण्याच्या हत्याराने, अंग तासतो आणि दुसरा अंगाला चंदन लावतो; या दोघांविषयी ज्याची बुद्धी सारखी राहते तो मुक्त. दोन्ही दृष्टान्त क्षमेचेच आहेत. पण वासीचंदनात तासणारा माणूस समोर उभा आहे. त्याला ओळखून, त्याचे कृत्य जाणून मग त्याच्याविषयी द्वेष न धरणे हा नैतिक पराक्रम आहे. चंदनवृक्षाच्या सुभाषितात क्षमा कोणाला करायची हेच दिसत नाही. अपराधी ठाऊक नसताना केलेल्या क्षमेला सहनशीलता म्हणता येईल. तिला क्षमा म्हणणे कठीण आहे.

३

हत्यार आणि हात यांचा संबंध भारतीय व्याकरणशास्त्राने फार सूक्ष्मपणे तपासला आहे, आणि त्यासाठी वारंवार घेतलेले उदाहरण कुऱ्हाडीचेच आहे. पाणिनीच्या मते क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि क्रिया सिद्धीस नेण्यात जे सर्वाधिक साधक ते करण. 'देवदत्त कुऱ्हाडीने झाड तोडतो' या वाक्यात देवदत्त कर्ता, कुऱ्हाड करण आणि झाड कर्म. नैयायिकांनी याला व्यापाराची जोड दिली : कुऱ्हाडीचा लाकडाशी होणारा संयोग हा तो व्यापार, आणि अशा व्यापाराने युक्त असलेले असाधारण कारण ते करण.

येथे पतंजलीने महाभाष्यात केलेले विवेचन विशेष महत्त्वाचे आहे. 'तोडणे' ही क्रिया एकच दिसत असली तरी तिच्यात निरनिराळ्या कारकांचे निरनिराळे वाटे असतात. वर उचलणे आणि खाली आणणे हा कर्त्याचा वाटा. मग कुऱ्हाडीचा कोणता? तीच उचल आणि तोच आघात कुऱ्हाडीऐवजी गवताच्या काडीने केला, तर लाकूड तुटत नाही. हा जो फरक पडतो तेच कुऱ्हाडीचे तोडणे होय. हत्याराला स्वतःचा असा एक वाटा आहे हे पतंजली मान्य करतो. मात्र त्या वाट्याला तो उचलण्या-आणण्यापासून वेगळा ठेवतो.

भर्तृहरीने पुढे जाऊन असे दाखवले की, कोणते कारक कर्ता म्हणून मांडायचे हे वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. 'पातेले शिजवते' किंवा 'तलवार चांगली कापते' अशी वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. करणाला कर्तेपद देण्याची मुभा भाषेत आहे. वैयाकरणाच्या दृष्टीने ही मुभा निरुपद्रवी असली, तरी तिचा एक नैतिक परिणाम संभवतो. विवक्षा म्हणजे बोलण्याची इच्छा, आणि इच्छेला हेतू असतात. करणाला कर्ता करण्याची इच्छा कोणाला आणि केव्हा होते, हे विचारल्याखेरीज विवक्षेचे वर्णन पुरे होत नाही.

ॲरिस्टॉटलनेही आत्म्याविषयीच्या ग्रंथात कुऱ्हाडीचा दाखला घेतला आहे. कुऱ्हाड ही जर नैसर्गिक वस्तू असती, तर तिचे कुऱ्हाडपण हाच तिचा आत्मा झाला असता. तो गेला तर ती नावापुरती कुऱ्हाड उरली असती. परंतु कुऱ्हाड नैसर्गिक वस्तू नाही. गतीचे आणि स्थितीचे मूळ तिच्या ठायी नसते, हे तो लगोलग नोंदवतो. दोन सर्वस्वी भिन्न परंपरांतील विचारवंत एकाच हत्याराजवळ येऊन एकच गोष्ट सांगतात : कापण्याचे सामर्थ्य कुऱ्हाडीत आहे, आरंभ मात्र तिच्यात नाही.

४

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिची धार आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. दांडा लाकडाचा, म्हणून झाडांच्या गोतातला. त्याच्याच आधाराने पाते गोतावर चालते. ही कल्पना केवळ मराठी नाही. इसापाच्या नावावर असलेल्या कथांत माणूस जंगलाकडे दांड्यापुरते लाकूड मागतो आणि ते मिळताच जंगल तोडू लागतो. अहिकाराच्या प्राचीन कथेतही, तुमच्या हातात आमच्यातलेच काही नसते तर तुम्हाला आम्हाला पाडता आले नसते, अशा अर्थाचे बोल झाडाच्या तोंडी आहेत. इस्किलसच्या एका त्रुटित नाटकात बाणाने घायाळ झालेला गरुड त्या बाणाला आपलीच पिसे लावलेली पाहतो.

म्हणीने नोंदवलेले सत्य नाकारता येत नाही. सत्ता कोणतीही असो, तिला शासितांतूनच दांडे मिळवावे लागतात. पण म्हणीतून दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे हात. म्हण दांड्यावर थांबते. जणू दांडा स्वतःच पाते घेऊन रानात शिरला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दांडा होण्यापूर्वी ती एक फांदी होती, आणि गोतातील पहिला घाव तिच्यावरच पडला होता. तोडले गेल्याशिवाय कोणतेही लाकूड दांडा होत नाही. म्हणजे म्हण ज्याला द्रोही म्हणते तो काळाच्या क्रमाने पाहता पहिला बळी आहे.

मग बळी असलेल्या साधनाला दोष द्यायचा की नाही? नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या प्रिमो लेव्हीने १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या पुस्तकात याच प्रदेशाला 'करडा पट्टा' असे नाव दिले. ज्या बंद्यांना आपल्याच लोकांच्या संहारात कामाला जुंपले गेले त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला आहे, असा त्याचा प्रश्न आहे. या निवाड्याला तो स्थगिती देऊ पाहतो. मात्र अपराधाचा मुख्य भार ती व्यवस्था उभारणाऱ्यांवर आहे, याविषयी त्याला शंका नाही. दुसरीकडे, १९६१ साली जेरुसलेममध्ये चाललेल्या आइकमानच्या खटल्यासंबंधी लिहिताना हॅना आरेन्ट यांनी यंत्रातील दात्याचा बचाव स्वीकारला नाही. न्यायालयापुढे यंत्र किंवा दाते उभे राहत नाहीत, माणूस उभा राहतो. आणि तू दाता का झालास, का होत राहिलास, हे त्याला विचारावेच लागते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. लेव्ही आणि आरेन्ट यांची मते परस्परविरोधी वाटली तरी ती दोन वेगळ्या माणसांविषयी आहेत. एकाला नकार देण्यास जागाच नव्हती. दुसऱ्याला ती होती आणि त्याने ती वापरली नाही. पतंजलीच्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येकाचा वाटा वेगळा काढावा लागतो. म्हण वाटे काढत नाही. ती सर्वांना एकच शिक्षा सुनावते.

याच म्हणीचा आणखी एक उपयोग महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात दिसतो. आपल्याच जातीतील किंवा धर्मातील अन्यायावर बोट ठेवणारालाही ती लावली जाते. आगरकरांची त्यांच्या हयातीतच पुण्यात प्रेतयात्रा काढण्यात आली. ज्यांनी ती काढली त्यांच्या दृष्टीने ते गोताचे काळच होते. तेव्हा गोतावर घाव घालणारा प्रत्येक जण दांडा ठरतो काय? येथे भेद करण्याची कसोटी कर्तृत्वाच्या संकल्पनेतूनच मिळते. दांडा दुसऱ्याच्या हातात असतो आणि उत्तर देत नाही. टीकाकार आपल्या नावाने बोलतो, कारणे देतो आणि परिणाम सोसतो. तो स्वतंत्र आहे, म्हणून कर्ता आहे. त्याचे म्हणणे चुकीचे असू शकते, त्याच्याशी वाद घालता येतो. वाद घालता येणे हीच त्याची दांड्यापासूनची भिन्नता.

५

हत्याराला दोषी ठरवण्याची प्रवृत्ती प्राचीन अथेन्समध्ये विधीच्या पातळीवर गेली होती. बैलाच्या बळीच्या एका वार्षिक उत्सवाचे वर्णन पॉसानियस करतो. बैलावर घाव घालणारा पुरोहित कुऱ्हाड तेथेच टाकून पळून जातो आणि लोक, घाव घालणारा जणू आपल्याला ठाऊकच नाही अशा आविर्भावात, कुऱ्हाडीवर खटला भरतात. पॉर्फिरीने दिलेल्या वर्णनात पाणी वाहून आणणाऱ्या मुली धार लावणाऱ्यांना दोष देतात, ते हत्यार हाती देणाऱ्याला, तो मारणाऱ्याला, आणि मारणारा सुरीला. सुरीला बोलता येत नाही, म्हणून ती दोषी ठरते आणि समुद्रात टाकली जाते.

या विधीत एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. सर्वांनी मिळून मांस खाल्ले आहे, अपराध सर्वांचा आहे, हे ठाऊक असल्यामुळेच तो अपराध कोणावर तरी ठेवण्याची धडपड येथे उघडपणे नाट्यरूप घेते. आधुनिक काळातील चौकशांमध्ये दोष असाच खाली खाली सरकत जातो आणि अखेरीस ज्याला बोलता येत नाही त्याच्यापाशी थांबतो. तो कनिष्ठ कर्मचारी असतो, मृत चालक असतो किंवा 'तांत्रिक बिघाड' असतो. अथेन्सवासीयांना आपण नाटक करीत आहोत हे कळत होते, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्रातील 'कुऱ्हाडबंदी' हा शब्दही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. राळेगणसिद्धीच्या अनुभवावर आधारलेल्या आणि राज्य शासनाने १९९२ साली हाती घेतलेल्या आदर्श गाव योजनेत चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांच्याबरोबर तो आला, आणि हिवरे बाजारसारख्या गावांनी त्याचे फळ प्रत्यक्ष दाखवले. येथे बंदी कुऱ्हाडीवर नाही, वृक्षतोडीवर आहे. साधनाचे नाव घेऊन क्रियेचा निषेध केला आहे. गावाने स्वतःहून स्वतःवर घातलेल्या बंधनाचे नाव म्हणून तो शब्द सार्थ आहे, कारण तेथे हात कोणाचा हे सर्वांना माहीत असते. तोच शब्द सरसकट वापरला की मात्र त्याचा रोख बदलतो. कुऱ्हाड म्हटली की डोळ्यांसमोर सरपणाची मोळी बांधणारी बाई येते. यंत्रकरवतीचा, खाणीचा किंवा धरणाखाली बुडणाऱ्या रानाचा त्या शब्दात समावेश होत नाही. हत्यार जितके लहान, तितका त्यामागचा हात गरिबाचा, आणि निषेधाचा शब्द त्या लहान हत्यारावरून घडतो.

याच्या उलट उदाहरण १९३० सालच्या जंगल सत्याग्रहाचे. १८७८ आणि १९२७ सालच्या वनकायद्यांनी रान सरकारच्या ताब्यात गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या सरपण आणणारा गावकरी चोर ठरला. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून कायदा मोडला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या लोकांनी अक्कादेवीच्या माळाकडे कूच केले. तेथे गोळीबार झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. रानातले गवत-लाकूड रोज चोरून कापले जात होतेच. सत्याग्रहाने कापण्याच्या क्रियेत काहीच बदल केला नाही. बदलला तो कर्ता. वेळ आणि जागा आधी जाहीर करून, शिक्षा सोसण्याची तयारी ठेवून, 'आम्ही तोडतो' असे प्रथमपुरुषी वाक्य तेथे उच्चारले गेले. कर्तृत्व आपणहून स्वीकारले की तीच कृती चोरीच्या कोटीतून राजकीय कृतीच्या कोटीत जाते.

६

परशुरामाची कथा ही या सर्व प्रश्नांची जणू गाठ आहे. कोकणच्या परंपरेत त्याने बाण सोडून समुद्र मागे हटवला. केरळच्या परंपरेत त्यासाठी परशु फेकला. एका परंपरेत भूमी निर्माण करणारे आयुधच एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणारे आहे. परंतु नैतिक दृष्ट्या सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग वनपर्वातील मातृवधाचा. जमदग्नीच्या आज्ञेनुसार वागण्यास चार भाऊ प्रवृत्त होत नाहीत आणि शाप भोगतात. राम परशु उचलतो. येथे हात आहे, नाव आहे, चेहरा आहे. तरीही तो हात दुसऱ्याच्या आज्ञेचा दांडा झालेला आहे. आणि वर मागण्याची वेळ येते तेव्हा तो तीन गोष्टी विशेष मागतो : माता पुन्हा उठावी, वधाची स्मृती राहू नये आणि पापाचा स्पर्श होऊ नये. स्मृती पुसली जावी ही मागणी अतिशय बोलकी आहे. ती करणाऱ्याला आपण कर्ता आहोत हे पुरते ठाऊक आहे. म्हणूनच त्या ज्ञानाचा साक्षीदार त्याला नको आहे.

१८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त जोतीराव फुले यांनी याच परशुरामाला उद्देशून एक जाहीर पत्र घातले आहे. तो चिरंजीव आहे असे सांगितले जाते, तर त्याने समोर हजर व्हावे, असा त्या पत्राचा रोख आहे. या पत्राकडे उपहास म्हणून पाहिले जाते, आणि ते उपहासपर आहेच. पण त्याची रचना न्यायालयीन समन्साची आहे. पुराणकथेत आयुध पूजेला लागले, संहार अवतारकार्य ठरला आणि कर्ता दैवताच्या पदावर जाऊन प्रश्नापलीकडे गेला. फुले त्याला तेथून खाली बोलावतात. जो चिरंजीव आहे त्याला उत्तरदायित्वातून सुटका नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. कोसळलेल्या कुऱ्हाडीमागचा हात शोधण्याचे इतके थेट उदाहरण मराठी गद्यात क्वचितच सापडेल.

७

कर्तृत्व नाकारण्याची आणि स्वीकारण्याची संपूर्ण प्रक्रिया एका कुऱ्हाडीभोवती रचलेली जगप्रसिद्ध कादंबरी म्हणजे दस्तयेवस्कीची १८६६ सालची 'गुन्हा आणि शिक्षा'. रास्कोलनिकोव्हच्या हाती कुऱ्हाड येते तीही योगायोगाने, दरवानाच्या खोलीत दिसते म्हणून. आणि या योगायोगामागे सैतानाचाच हात असावा असे त्याला वाटते. प्रत्यक्ष खुनाच्या वेळीही तो यंत्रवत हात खाली आणतो. पुढे सोन्याजवळ बोलताना म्हातारीला सैतानाने मारले, आपण नव्हे, असेही तो म्हणून पाहतो. कादंबरीची शेकडो पाने म्हणजे एका करणाला कर्ता करण्याचा आणि कर्त्याला करण करण्याचा त्याचा खटाटोप आहे. चौरस्त्यावर तो जमिनीचे चुंबन घेतो, पण कबुलीचे शब्द तेथे त्याच्या ओठांवर येत नाहीत. ते अखेर पोलीस ठाण्यात येतात. त्या एका वाक्यात 'मी' आहे, मारलेल्या दोघी जणी आहेत आणि तृतीयेतील 'कुऱ्हाडीने' आहे. कर्ता, कर्म आणि करण ही तिन्ही कारके प्रथमच आपापल्या जागी बसली आहेत. सैतान, योगायोग आणि परिस्थिती यांना त्या वाक्यात स्थान नाही. कादंबरीभर विस्कटलेले व्याकरण जुळते तेव्हाच शिक्षा आणि तिच्यामागून येणारे नवे जीवन यांची शक्यता निर्माण होते.

यावरून असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल की, अकर्मक क्रियापदे टाळली म्हणजे समाज नीतिमान होईल. भाषेला कर्त्याविना बोलण्याची गरज असते. पाऊस पडतो, माणूस मरतो, आणि अनेक आपत्तींना खरोखरच कर्ता नसतो. प्रत्येक घावामागे एक दुष्ट हात कल्पिणे ही चूकही समाजाने पुष्कळदा केली आहे, आणि तिची किंमत निरपराधांनी मोजली आहे. मुद्दा इतकाच की, ज्या क्रियेला कर्ता आहे तिचे वर्णन कर्त्याविना करणे ही केवळ शैलीची निवड राहत नाही. ते वर्णन एक निवाडा देते, आणि बहुधा तो निवाडा ऐकण्यासाठी संबंधित पक्षकार हजर नसतात.

साहित्यसमीक्षेला या बाबतीत एक मर्यादित पण स्वतःचे असे काम आहे. प्रतिमांचे सौंदर्य, म्हणींची नेमकेपणाची ताकद, वाक्प्रयोगांची लय यांचा आस्वाद घेत असतानाच त्यांच्यातून कोणते कारक गाळले गेले आहे, हे तिला विचारता येते. दांडा गोताचा काळ झाला असे सांगणाऱ्याला, पाते कोणी बसवले, पाचर कोणी ठोकली आणि घाव घालण्यापूर्वी कुऱ्हाड कोणी उचलली, हे विचारता येते. दांड्याचा वाटा त्यामुळे नाहीसा होत नाही. तो आपल्या मापाचा होतो, आणि उरलेला वाटा ज्याचा आहे त्याच्याकडे जातो.